बाबांच्या वेळेची दवाई

आईची उशी उचलली तर खाली मुंग्याच मुंग्या. अभ्रा चिकट होऊन कडक झालेला आणि त्याला वेलचीसारखा गोडसर वास. मी उशी टाकून दिली. पलंगाखाली वाकून पाहिलं, तर खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या. एकीत झुरळ मरून पडलं होतं.

मी हिंगणघाटहून रोहण्याला, आईकडे, अधूनमधून जायचे. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. जिनिंगमध्ये आयुष्यभर कापसाची धूळ खाऊन त्यांची छाती निकामी झाली होती. शेवटची वर्षं ते गावातच होते आणि त्यांची दवाई, थुंकी, अंग पुसणं, सगळं आईनेच केलं. ते गेले तेव्हा बाया म्हणाल्या, सुटली बिचारी.

"हे काय आहे, आई?"

"खोकला येऊन राह्यला मले."

आल्यापासून मी तिला एकदाही खोकताना ऐकलं नव्हतं. आता ती खोकली. छातीवर हात ठेवून, शेवटी कण्हून, हुबेहूब बाबांसारखी. मुंग्यांपेक्षा मला त्या खोट्या खोकल्याची किळस आली.

औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार हसत म्हणाला, "आजी नेहमीच्याच आहेत, ताई. याच्या गुंगीनं म्हाताऱ्या माणसाले झोप लागते, बिघडते काय?" भावाला फोन केला, तर तो म्हणाला, "राहू दे ना. दारू थोडीच पिऊन राह्यली?" आमचा जिल्हा दारूबंदीचा. आमच्या घरात कधी थेंब आला नाही, याचा आम्हा सगळ्यांना केवढा तोरा. बुद्धविहारातल्या बाया तर कौतुकच करत होत्या. वंदना झाली तरी तुझी आई डोळे मिटून बसून राहते, ध्यान लागते तिले. त्या संध्याकाळी मी सोबत गेले. आईचा खालचा ओठ लोंबत होता, पांढऱ्या लुगड्यावर लाळ गळत होती. मी दंडाला धरून तिला घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी तिला वर्ध्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. "कधीपासून घेता?" असं त्यांनी विचारलं. आई पदर चुरगाळू लागली.

"हे गेले तवा दवाई उरली होती," ती म्हणाली. "सांजची वेळ झाली का माह्याच्यानं बसवे नाई. हात आपोआप बाटलीकडं जाये. देऊ कोणाले? मंग मीच घेतली. घेतली का घरात कोणी आहे असं वाटे."

डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, उतारवयात असं पुष्कळांचं होतं. नशेची हौस नसते, दिवस रिकामा पडलेला असतो. आपली कोणाला गरज नाही, हे सोसवत नाही. हळूहळू सोडवू, पण एकटं ठेवू नका. मला ते पटलं. बाबांच्या दवाईच्या वेळेला बाटली हातात घेऊन बसलेली आई डोळ्यांसमोर आली, तरी तो वेलचीचा वास नाकातून जाईना.

मी तिला हिंगणघाटला आणलं. सुरुवातीचे दिवस घाणेरडे होते. घाम, जुलाब, शिव्या. "तू मले मारून टाकून राह्यली," असं ती माझ्या नवऱ्यासमोर म्हणायची. एकदा घरात ठेवलेलं भुकेचं टॉनिक तिने तोंडाला लावून संपवलं आणि हनुवटीवर लाल ओघळ घेऊन म्हणाली, "मी नाई घेतलं." मी ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसलं आणि मोरीत जाऊन ओकले.

आता बरेच महिने झाले, ती घेत नाही. संध्याकाळच्या भाकरी तीच करते आणि त्या वेळी मला ओट्याजवळ येऊ देत नाही. मी कामावरून आले की तिच्याजवळ उभी राहते आणि काहीतरी निमित्त काढून तिच्या श्वासाचा वास घेते. तिला ते कळतं. ती माझ्याकडे तोंड करून श्वास सोडते. मला आम्हा दोघींची किळस येते, आणि तरी मी रोज वास घेते.