आपोआप बंद पडणारं पान

मुलीच्या क्लाससाठी लातूरला दोन खोल्या घेतल्या, तेव्हा नवरा नांदेडलाच राहिला. त्याची नोकरी तिथं, आणि माझी कुठंही बसून चालणारी. आमच्या इमारतीत सगळ्या अशाच आया होत्या. कुणी मुरुडची, कुणी इस्लापूरची. संसार गावाकडं आणि आपण इथं डबे भरायला. मुलं सकाळी क्लासला गेली की जिन्यात चिटपाखरू नसायचं. दुपारी बायका एखाद्या दारात जमायच्या, पण मी कामात असायचे. पुढं त्यांनी बोलावणंच सोडलं. नवऱ्याशी फोनवर बोलणं म्हणजे भाजी काय केली आणि पोरीला मार्क किती पडले. मला तिथं फार एकटं वाटायचं, आणि ते सांगायला कुणी नव्हतं.

माझं काम कागदपत्रं वाचणारी सॉफ्टवेअर तपासायचं. पुण्याची एक कंपनी ती पाठवायची आणि ती कुठं मोडतात ते मी शोधायचे. शेजारणीला एकदा हे नीट समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, मोडायचा पगार देतात होय? त्यानंतर मी कुणाला समजावायच्या फंदात पडले नाही.

क्लासनं मुलांना टॅब दिले होते आणि क्लासच्या नोट्स त्यावरच्या ॲपमध्येच उघडायच्या. भौतिकशास्त्रात एक मोठ्या आकृतीचं पान होतं. त्या पानावर गेलं की ॲप आपोआप बंद पडायचं. मुलगी ते परत सुरू करायची आणि पान ओलांडून पुढं जायची.

"सगळ्यांचंच होऊन राहिलं, आई. परत उघडलं की चालतं."

हे ऐकून मला लहानपणीचा भूकंप आठवला. त्याच्या आधी कित्येक महिने आमच्या गावात जमीन अधूनमधून हलायची. मांडणीवरची भांडी वाजायची, काही खाली पडायची. आत्या ती उचलून परत लावायची आणि चहा ठेवायची. मोठी माणसं म्हणायची, लई मनावर घेऊ नका. त्या पहाटे आत्या घरात होती. अंगणात झोपलेली आम्ही पोरं तेवढी वाचलो. तेव्हापासून आपोआप घडणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर माझा विश्वास नाही.

मी ते पान आतून तपासलं. फाइलमधलं प्रत्येक चित्र आधी आपलं माप सांगतं. ॲप मेमरीत तेवढी जागा राखून ठेवतं आणि चित्र त्यात ओततं. इथं माप लहान लिहिलेलं होतं आणि चित्र मोठं होतं. कुणाची तरी साधी चूक. पण ॲप ओतताना थांबतच नव्हतं. किलोचा डबा काढायचा आणि पिशवीत दोन किलो तूरडाळ असली तरी ओतत सुटायचं, तसला प्रकार. घरात डाळ ओट्यावर सांडते. इथं ती शेजारच्या जागेत सांडते, आणि ॲपनं पुढं काय करायचं याच्या सूचना त्या शेजारीच असू शकतात. कुणी मुद्दाम तशी फाइल बनवून तिथं स्वतःच्या सूचना लिहिल्या, तर टॅब त्याचं ऐकणार. मुलं कुठून कुठून आलेल्या नोट्स एकमेकांना पाठवायची, त्याही याच ॲपमध्ये उघडायच्या. टॅबला कॅमेरा होता, आणि मुली तो उशाशी घेऊन झोपायच्या.

उपाय अगदी लहान होता. फाइलनं सांगितलेल्या मापावर विसंबायचं नाही, ओतताना मोजायचं, जागा संपली की थांबायचं आणि फाइल नाकारायची.

मी क्लासमध्ये जाऊन सांगणार म्हटल्यावर मुलीचा चेहरा उतरला. ती सगळ्यात वरच्या बॅचला होती. त्यासाठी तिनं झोप, सण, मैत्रिणी सगळं सोडलं होतं. आईबाप तक्रार घेऊन गेले की पोर खालच्या बॅचला जातं, असं तिथली मुलं धरूनच चालायची.

"तू नको जाऊ. मला खाली टाकतील. तुला तुझं काम दिसतं, माझं काय?"

मला राग आला, तिच्यापेक्षा तिच्या त्या भीतीचा. मी गेले. संचालकांच्या टेबलावर टॅब ठेवून ते पान उघडलं आणि ॲप बंद पडलं. ते समजुतीनं हसले, टॅब जुना झाला असेल म्हणाले. मी डाळीचा डबासुद्धा सांगून पाहिला. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "पाल्याचा रोल नंबर काय?"

नंबर न देता उठता आलं असतं. पण नाव नसलेल्या तक्रारीकडं कोण बघतो? मी नंबर सांगितला.

थोड्याच दिवसांत फळ्यावर सूचना लागली की टॅब गरम झाल्यास काही वेळ बंद ठेवावा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मग मी ॲप बनवणाऱ्यांनाच सगळं लिहून कळवलं, दुरुस्तीसकट. त्यांचं उत्तर आलं नाही.

दरम्यान चाचणी झाली, बॅचेस नव्यानं लागल्या आणि मुलगी खालच्या बॅचला गेली. तिचे मार्क थोडे कमी होते, हे खरं. ती तेवढ्यानं गेली की माझ्या तोंडामुळं, हे मला आजही माहीत नाही. नवरा फोनवर म्हणाला, नसती उठाठेव कुणी सांगितली होती?  त्यानंतर मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलायची. डबा दे, चावी ठेव, येते. घरात दुसरं माणूस असून इतकं एकटं वाटू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

असेच बरेच दिवस गेले. एकदा संध्याकाळी जेवताना तिनं भाकरी मोडली आणि ताटाकडं बघतच म्हणाली, "वरच्या बॅचच्या मुली सांगून राहिल्या, ॲप अपडेट झालं. ते पान आता बंद पडत नाही."

माझं म्हणणं खरं होतं, एवढं कुणीतरी सांगावं म्हणून मी वाट बघत होते. क्लासनं सांगितलं नाही, ॲपवाल्यांनी नाही, नवऱ्यानं नाही. सांगितलं ते तिनं, आणि खालच्या बॅचच्या नोट्समध्ये ते पान नव्हतंच, म्हणजे तिनं ते त्या मुलींना मुद्दाम विचारलं असणार.