सत्तेचाळीस तारा आणि दोन मिनिटं

तुमच्या पोरीने उद्या येऊन सांगितलं की मला हार्प शिकायचीय, तर तुम्ही काय कराल? खोटं बोलू नका. आधी गूगल कराल आणि मग विचाराल, "बेटा, कॉलेज अ‍ॅप्लिकेशनमध्ये चांगलं दिसेल का गं ते?"

सुलेखा प्रधान आठ वर्षांची असताना अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या घरात हेच झालं, फक्त गूगल नव्हतं. आई, म्हणजे शुभा, तिला युनिव्हर्सिटीच्या कॉन्सर्टला घेऊन गेली होती, तिकीट नव्हतं म्हणून. पोरगी कोपऱ्यातल्या माणसापेक्षा उंच वाद्याला जी चिकटली ती सुटेना. वडिलांनी टेप घेऊन घर मोजलं आणि निकाल दिला, "हे आत आलं तर आपण तिघं अंगणात." शेवटी जेवणाचं टेबल गेलं, हार्प आली. पुढची दहा वर्षं प्रधानांकडे पाहुणेसुद्धा मांडीवर ताट घेऊन जेवले.

हार्प म्हटलं की लोकांना पांढरा झगा, पंख आणि ढग दिसतात. वर परी असेल हो. खाली सात पेडल असतात आणि ती दाबताना बाई ट्रक ड्रायव्हर असते. बोटांना घट्टे, कमरेत कळ. करंगळीला तर कामच नाही. ऑर्केस्ट्रात सुलेखा सव्वाशे मात्रा मोजत गप्प बसायची, चार सूर वाजवायची आणि पुन्हा मोजायला लागायची. लग्नं वाजवली तीनशेच्या वर. त्यातली बरीच जोडपी आता वेगळी राहतात, त्याला ती जबाबदार नाही. हॉस्पिटलमध्ये वाजवायला गेली तर एका आजोबांनी डोळे उघडले, समोर हार्प पाहिली आणि नर्सला विचारलं, "झालं का माझं?"

तिथून ती जी उठली ती शिकवायला लागली.

पार दुसऱ्या किनाऱ्यावर, बॉथेलशेजारी फर्न क्रीक म्हणून गाव आहे. तिथल्या सरकारी शाळेत ती बावीस वर्षं शिकवतेय. हार्प तीन. निवड नाही, चाचणी नाही. जो दारात येईल तो आत. तिच्या हाताखालचे चौघे आज नावाजलेल्या ऑर्केस्ट्रांत आहेत, अकरा जण स्वतः शिकवतात. ओहायोत कोणी अंगठा तिच्यासारखा उंच ठेवून वाजवताना दिसलं की जाणकार विचारतात, "प्रधानबाईंकडची का?"

आणि या फेब्रुवारीत शाळेच्या बोर्डाकडे अर्ज गेला: हार्पचा वर्ग बंद करा, ती खोली रोबोटिक्सला द्या. अर्जाखाली सह्या कोणाच्या? निम्म्या आपल्याच. गणपतीला "कला जपली पाहिजे" म्हणून माईक धरणाऱ्यांच्या.

बोर्डावर राजीव आहे. मूळचा नागपूरचा, नोकरी जवळच्या बेलव्ह्यूला. त्याने फोन केला.

"ताई, पर्सनली घेऊ नका. पण हार्पला आता स्कोप काय आहे, सांगा ना."

"तुझ्या नोकरीला किती आहे रे?"

गेल्या वर्षी राजीवच्या ऑफिसातला अर्धा मजला एका ईमेलने घरी गेला होता. त्याने विषय बदलला. "मंगळवारी मीटिंगला या. प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात."

सुलेखाने तीन पानी भाषण लिहिलं. तिची विद्यार्थिनी केया, वय सोळा, ते वाचून म्हणाली, "मॅम, तुम्ही बोलू नका. तुम्ही चिडता. वाजवा." मग स्वतःचं आणि वर्गातल्या बाकी तेरा पोरांची नावंही केयाने वक्त्यांच्या यादीत टाकली.

मंगळवारी हार्प गारठलेल्या व्हॅनमधून तापवलेल्या हॉलमध्ये आली आणि सगळ्या तारा उतरल्या. सुलेखाचं नाव पुकारलं. दोन मिनिटं सुरू झाल्याचा हिरवा दिवा लागला. तिने एक तार छेडली आणि तोंड वाकडं केलं.

"मॅम, तशीच वाजवा," केया कुजबुजली. "कोणाला कळणार नाहीये."

"मला कळेल."

बाईने किल्ली काढली आणि सूर लावायला घेतला. सत्तेचाळीस तारा! अकराव्या तारेवर लाल दिवा लागला. अर्ज करणाऱ्यांत खसखस पिकली. बावीस वर्षांचं काम वाचवायला मिळालेली दोन मिनिटं बाईने किल्ली फिरवण्यात घालवली होती. तिचे कान लाल झाले.

"थँक यू," राजीव म्हणाला. "पुढचं नाव, केया."

केया माईककडे गेलीच नाही. तिने बाईंच्या हातातली किल्ली घेतली आणि बारावी तार लावायला लागली.

बोर्डाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्हाला काही बोलायचंय का?"

"नाही. बोललंच पाहिजे असं नियमात नाहीये. मी वाचलेत." आणि तिने कान तारेला लावला.

तिच्यानंतर अमन, मग इशिता, मग आन्या. प्रधानबाईंच्या वर्गात पहिला महिना वाजवायला मिळतच नाही, फक्त सूर लावायचा. त्यामुळे कोणाला काही विचारावं लागलं नाही. लाल दिवा लागला की किल्ली पुढच्या हातात. खसखस केव्हा थांबली ते कोणाच्या लक्षात आलं नाही. सत्तेचाळीसावी तार लागली तेव्हा हॉलमध्ये हीटरचाच काय तो आवाज होता.

मग उरलेल्या दहा जणांनी वाजवलं. प्रत्येकी दोन मिनिटं, एकच रचना. एकाने जिथे सोडली तिथून दुसऱ्याने उचलली. सुलेखा भिंतीला टेकून उभी होती. तीन चुका तिने मोजल्या. त्या ती बुधवारी वर्गात काढणार होती, वर्ग उरला तर.

बोर्डाने वर्ग वाचवला असं समजून टाळ्या वाजवू नका. मतदान फक्त पुढे ढकललं. राजीवने जाताना हार्प व्हॅनमध्ये चढवायला हात लावला, पण मत कुठे देणार ते काही बोलला नाही.

पुढची मीटिंग मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी सहाला, फर्न क्रीक शाळेच्या हॉलमध्ये आहे. अर्जावर सही केली असेल तरी या. दाराशी यादी असते, तिच्यात स्वतःचं नाव लिहा. बोलायला सुचलं नाही तर दोन मिनिटं गप्प उभे राहा, पण या.