बाजूच्या माणसाचा हात

झाम्फिरा पाउनचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा, आणि उठल्यापासूनच ती तहान मारायला लागायची. अर्धा कप कॉफी आणि पाव; खारं चीज घरात असलं तरी बिनमिठाच्याच चीजचा तुकडा शोधून खायचा, वर पाणी नाही. क्रेनच्या केबिनमध्ये संडास नसतो. उतरायचं म्हणजे शिडी उतरा, शेड ओलांडा, परत या, पुन्हा चढा. तोवर खाली सगळी माणसं हात बांधून उभी. ब्राइला शहरातल्या त्या कारखान्यात डॅन्यूब नदीवरच्या मालवाहू बोटी दुरुस्त होत, आणि तिथल्या सगळ्या क्रेनवाल्या बायका अशाच कोरड्या तोंडाने कामावर निघत.

घरात तिला निरोप द्यायला कोणी नव्हतं. नवरा बांधकामावर म्हणून इटलीला गेला, काही दिवस पैसे पाठवले, मग तिथेच दुसरा संसार मांडून बसला. मुलगी लुमिनित्सा स्पेनमध्ये संत्र्यांच्या वखारीत कामाला होती. तिचं लग्न तिथलंच, मूलही तिथलंच. ती रविवारी फोन करायची. बाकीच्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने खुर्ची सरकवली की तेवढाच काय तो माणसाचा आवाज.

शिडी मात्र ती झोकात चढायची. हात आडव्या गजावर, पाय मधोमध, घाई नाही. वर केबिनमध्ये एक लोखंडी स्टूल, त्यावर तिने शिवलेली उशी. तिथे बसली की तिला बरं वाटायचं.

खाली तिला हाताने दिशा दाखवणारा तिचा इशारेवाला असायचा, स्पिरिदोन. उजव्या हातात लाल लोकरी हातमोजा. तो मोजा म्हणजे त्या शेडचा कायदा होता. फार पूर्वी कोणीतरी बाजूने उगाच "थांब!" म्हणून ओरडलं, वर बसलेल्या बाईने दचकून क्रेन जागच्या जागी थांबवली, आकड्याला टांगलेला जाड लोखंडी पत्रा झोकांडला आणि एका माणसाचा पाय कायमचा गेला. तेव्हापासून फोरमनने ठरवून टाकलं, लाल मोज्याशिवाय कोणाचंही ऐकायचं नाही. नव्या बाईला पहिल्या दिवशी हेच शिकवलं जायचं. ते शिकणं सोपं नव्हतं, कारण खालून दिवसभर कोणी ना कोणी हात हलवत असायचा. कोणी नमस्कार करायचा, कोणी बाटली दाखवायचा.

"अगं झाम्फिरा, उतर खाली! तुला नवरा शोधलाय!"

"आधी त्याला शिडी चढून दाखवायला सांग!"

"त्याचे गुडघे दुखतात गं!"

"मग तूच ठेव त्याला!"

ती हसायची, पण नजर लाल मोज्यावरून हलायची नाही. बाकीचे हात दिसायचे आणि दिसून न दिसल्यासारखे व्हायचे.

स्पिरिदोन आणि ती अख्खा जन्म असे हातांनी बोलले. फोरमन येतोय हे तो नसलेल्या मिशीवर ताव देऊन सांगायचा. पाऊस पडतोय हे खांदे आवळून. खाली आल्यावर मात्र "बरंय" पलीकडे दोघांनी कधी शब्द वाढवला नाही. तो निवृत्त झाला, आणि पुढच्याच पानगळीत गेला. ती मयताला गेली. विधवेने तिच्या हातात शिजवलेल्या गव्हाच्या प्रसादाची वाटी दिली आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

"कारखान्यातली," झाम्फिरा म्हणाली. दुसरं काय सांगणार?

त्यानंतर दोन वर्षांनी कारखाना नव्या मालकाने घेतला. जुने परवाने रद्द झाले. ज्यांना क्रेनवर बसायचं त्यांनी नव्याने परीक्षा द्यायची. लेखी परीक्षेत झाम्फिराचं एकही उत्तर चुकलं नाही. प्रत्यक्ष परीक्षा तिच्याच शेडमध्ये, तिच्याच क्रेनवर झाली. पत्रा उचलायचा, चौथ्या खांबाला वळसा घालायचा, जमिनीवर रंगवलेल्या चौकटीत ठेवायचा. तिने उचलला. पत्रा पाण्यावर तरंगावा तसा निघाला. खांबाजवळ डावीकडून करडा कोट घातलेल्या एका माणसाने दोन्ही हात वर करून आडवे हलवले. समोरचा इशारेवाला "ये, ये" करत होता. तिने पत्रा आणला आणि चौकटीत अलगद ठेवला. कोपऱ्याला कोपरा.

खाली उतरली तर परीक्षक कागदावर काहीतरी खोडत होता.

"नापास, बाई."

"काय चुकलं?"

"माझ्या मदतनिसाने थांबायला सांगितलं, तुम्ही थांबला नाहीत."

"माझा इशारेवाला तर ये म्हणत होता!"

"थांबायचा इशारा कोणीही देऊ शकतो. झाडूवालासुद्धा. लेखी परीक्षेत तुम्हीच तसं लिहिलंय, बघा."

लिहिलं होतं. पाठ केलेलं होतं, म्हणून लिहिलं होतं.

दोन आठवड्यांच्या आत अपील करता येत होतं. अपिलाचा निकाल लागेपर्यंत तिला क्रेनवर राहू देणार होते. फेटाळलं गेलं तर खाली, साखळ्या बांधायच्या कामावर. पगार कमी, आणि पुढची परीक्षा वसंतात, स्वतःच्या खर्चाने. तिला धास्ती पगाराची नव्हती. वर बसायचं बंद झालं तर आपण कोण उरतो, हे तिला सांगता येत नव्हतं.

तिने अपील लिहून युनियनच्या लिक्सांद्रुकडे नेलं. त्याने चष्मा कपाळावर चढवला.

"'मी त्याच्याकडे लक्ष दिले नाही, कारण तो माझा इशारेवाला नव्हता.' झाम्फिरा, हे अपील आहे की कबुलीजबाब?"

"खरं आहे ते."

"खरं चर्चमध्ये सांग. इथे खांब सांग. करडा कोट कुठे उभा होता? चौथ्या खांबामागे. वरून दिसला नाही. परीक्षकाने माणूस न दिसणाऱ्या जागी उभा केला तर परीक्षाच रद्द. पुन्हा घ्यावी लागते, फुकट. नियमात आहे."

त्याने स्वतःच्या हाताने नवं अपील लिहिलं. तिने सही केली.

रविवारी लुमिनित्साला सांगितलं.

"सही केलीस ना? मग झालं, आई. कोणाचं काय जातंय?"

"कोणाचं काही नाही जात."

"मग आवाज असा का?"

"लाइन खराब आहे."

सोमवारी वर गेल्यावर तिने चौथ्या खांबाकडे नीट पाहिलं. सरळ पाठीने बसलं तर खांबामागचं खरंच दिसत नव्हतं. पण सरळ पाठीने बसतं कोण? क्रेनवर बसणारी बाई वाकते. डावीकडे वाकते, उजवीकडे वाकते, काचेला कपाळ लावते. तिच्या स्टुलावरची उशी कडेला झिजली होती ती त्यामुळेच. वाकायचा कंटाळा करणारीने हॉटेलात भांडी घासावीत, असं ती नव्या पोरींना सांगत आली होती.

अपिलाची सुनावणी शेजारच्या गालात्सी शहरात होती. लिक्सांद्रु बरोबर आला. टेबलामागे तीन माणसं. मधोमध एक इंजिनिअर बाई, सर्दीने नाक लाल झालेलं. कागद वाचून तिने मान वर केली. तिचा आवाज मऊ होता.

"खांबामुळे माणूस दिसला नाही, असं तुमचं म्हणणं आहे. जागेचा नकाशा मी पाहिला. पटण्यासारखं आहे. तुम्ही फक्त तोंडाने सांगा, म्हणजे नोंद करते. माणूस दिसला नाही, बरोबर?"

लिक्सांद्रुने टेबलाखालून तिच्या बुटाला बूट लावला.

झाम्फिराने हात मांडीवर घट्ट धरले होते. "दिसला," ती म्हणाली.

इंजिनिअर बाई शिंकायची थांबली. "अपिलात तर लिहिलंय—"

"लिहिलंय. खांब आहे तिथे, ते खोटं नाही. पण मी वाकते. माझ्या क्रेनखाली माणूस असला तर मला दिसतो. दिसत नसेल तर मी वर बसूच नये."

"मग थांबला का नाहीत?"

"आमच्याकडे एकाचंच ऐकायची रीत आहे. बाजूच्याचं ऐकून एका माणसाचा पाय गेला होता."

"आणि बाजूच्याचं न ऐकून गेला तर?"

"तसं कधी झालं नाही," झाम्फिरा म्हणाली.

"माझ्याकडे येतात ना तशी प्रकरणं," ती बाई म्हणाली. रागाने नाही. तिने कागदावर शेरा लिहिला. अपील फेटाळलं.

बसमध्ये लिक्सांद्रु म्हणाला, "एक शब्द बोलायचा होतास. 'नाही' म्हणायचं होतंस, बस."

"म्हणजे मी आंधळी आहे असंच सांगायचं होतं."

"आता बस साखळ्या ओढत. मला काय!" आणि तो उठून पुढच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसला. ब्राइला येईपर्यंत तिने खिडकीबाहेरची कापून झालेल्या सूर्यफुलांची शेतं पाहिली.

हिवाळाभर ती खाली होती. साखळी पत्र्याखालून ओवायची, आकडा अडकवायचा, ताण आला की बोटं वेळेवर काढायची. नदीवरून वारा आला की लोखंड हाताला चिकटायचं. कामात ती कमी पडली नाही; तिने बांधलेला पत्रा कधी तिरका उचलला गेला नाही. पण खालून शेड वेगळीच दिसायची. वर असताना ती सगळ्यांना पाहायची. आता तिच्याकडे पाहणारं कोणी नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत बायका वरच्या गप्पा करायच्या, कोणाच्या केबिनचा हीटर बिघडला, कोणाची काच धुरकटली. ती डब्यातलं कोबीचं सार संपवून डबा धुवायला उठायची.

तिच्या क्रेनवर आता ओझाना बसायची, पंचविशीची, नव्या परीक्षेत पहिल्या खेपेला पास झालेली. तिला लाल मोजा माहीतही नव्हता.

फेब्रुवारीत एका सकाळी एक रुंद पत्रा निघाला. इशारेवाला पलीकडच्या अंगाला होता, त्याचा हात "ये" म्हणत होता. झाम्फिरा अलीकडे होती. तिला दिसलं की दुसऱ्या कोणीतरी लावलेला मागचा आकडा पुरता बसलेला नाही, टोकावर लोंबतोय. इशारेवाल्याला ते दिसणं शक्य नव्हतं. मधे पत्राच होता. पत्र्याच्या वाटेवर एक वेल्डर पाठ करून वाकलेला.

तिने दोन्ही हात वर केले आणि आडवे हलवले.

हलवताना तिला पक्कं माहीत होतं की वरची बाई थांबणार नाही. ती स्वतः थांबली नसती.

क्रेन थांबली. दचकून नाही, वेग आवरत, पत्र्याला फारसा झोका न देता. सगळे वर बघायला लागले. इशारेवाला शिव्या देत वळसा घालून आला, आकडा बघितला आणि लगेच 'खाली' अशी खूण केली. पत्रा खाली घेतला. वेल्डरने तोंडावरची काच वर करून विचारलं, "काय झालं?" कोणीतरी म्हणालं, "काही नाही. चालू दे."

झाम्फिराचे हात अजून वरच होते. तिने ते सावकाश खाली घेतले.

दुपारी ओझाना शिडी उतरून तिच्याजवळ आली. वयाने मोठ्या बाईला तान्ती म्हणतात, तशी म्हणाली, "तान्ती, मला उशीर झाला का थांबायला?"

"नाही."

"मला तुम्ही नीट दिसत नव्हतात. नुसते हात दिसले."

"हात दिसले तेवढे पुरे," झाम्फिरा म्हणाली. मग साखळी गुंडाळता गुंडाळता, "झोका दिला नाहीस. कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. वाटलं, हळू थांबावं."

"बरोबर वाटलं."

त्या शनिवारी ती कारखान्याच्या ऑफिसात गेली आणि वसंतातल्या परीक्षेला नाव दिलं. लिक्सांद्रु दारात होता. "मग? आता बरोबर कोण होतं म्हणायचं?" त्याने विचारलं.

"तो करडा कोट," ती म्हणाली आणि निघून गेली.

परीक्षा या वेळी गालात्सीला, अनोळखी शेडमध्ये, अनोळखी क्रेनवर झाली. स्टुलावर उशी नव्हती. पत्रा अर्ध्या वाटेवर असताना उजवीकडे, दूर दरवाज्याशी, हातात झाडू घेतलेल्या एका माणसाने हात वर केला. तो परीक्षकांचा होता की खरोखरच झाडायला आला होता, ते तिला कधीच कळलं नाही. ती थांबली. परीक्षकाने मान हलवली, तेव्हाच पुढे निघाली.

पास झाली. मे महिन्यात ती पुन्हा वर गेली. ओझानाला शेजारची क्रेन मिळाली. दोन केबिनमध्ये अंतर एवढं की बोलणं शक्य नव्हतं.

त्याआधी ईस्टरच्या आठवड्यात लुमिनित्साचा फोन आला होता. "आई, इकडे येतेस ना? पोरगी विचारतेय, आजी खरी आहे की नुसती फोनमध्ये असते."

"यंदा नाही जमत."

"हिवाळाभर तर राबलीस!"

"राबले," झाम्फिरा म्हणाली.

त्या राबण्याच्या पैशांतून परीक्षेची फी गेली, डोळे तपासणाऱ्या डॉक्टरची फी गेली, गालात्सीच्या बसची तिकिटं गेली. उरलं त्यात तिने केबिनसाठी नव्या उशीचं कापड घेतलं.