माझा राग आणि भावजींचा प्रोग्राम

माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याहून मोठा, हे मला लग्नाच्या आधीपासून ठाऊक आहे. आईने त्यावरून मला पुष्कळ ऐकवलंय. पण माझ्या रागाचा कुणाला काही उपयोग होईल, तोही कॉम्प्युटरच्या कामात, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

माझे धाकटे दीर, म्हणजे भावजी, कॉलेजच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये प्रोग्राम लिहायचे. मी त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात, पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर. सकाळी दोघं एकाच रस्त्याने निघायचो आणि फाटकातून आत गेलं की ते डावीकडे, मी उजवीकडे. वाटेत बोलायचं खातं माझ्याकडे. ते नुसतं हुं म्हणायचे. हुं मध्येही प्रकार होते. एक हुं म्हणजे ऐकतोय, एक म्हणजे पटलं, आणि एक लांबट हुं म्हणजे वहिनी, आता पुरे. तो तिसरा मी कधी ऐकलाच नाही असं दाखवायचे.

घरी स्वयंपाकघराला लागून मागची खोली त्यांची. कामात डोकं घातलं की माणूस जागेवर असून नसल्यासारखा. जेवायची वेळ झाली की मी ओट्यापासून हाक मारायचे, "भावजी, आहात का?" हुं आलं तर ताट वाढायचं. नाही आलं तर थोडं थांबून आणखी एक हाक. तरीही काही नाही, की त्यांचं ताट वाढून वर दुसरं ताट झाकायचं, गॅस बंद करायचा आणि आपल्या कामाला लागायचं. तिसरी हाक मी मारत नसे. नसलेल्या माणसाशी भांडणार कोण? मग केव्हातरी ते बाहेर यायचे, झाकण उचलून मुकाट जेवायचे आणि स्वतःचं ताट घासून ठेवायचे. आमचे हे म्हणायचे, "तू लाडावून ठेवलंयस त्याला." मी म्हणायचे, "मग काय उपाशी ठेवू?"

कॉलेजात नेटवर्क नवीन नवीन आलं तेव्हाची ही गोष्ट. इंटरनेट हा शब्दसुद्धा तेव्हा लोक घाबरत घाबरत उच्चारायचे. सेंटरमध्ये टर्मिनलची, म्हणजे मुख्य कॉम्प्युटरला जोडलेल्या पडद्यांची, एक मोठी खोली होती आणि तिच्या दाराला कुलूप. किल्ली सेंटरच्या प्रमुखांच्या खिशात. त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणायचे. साहेब वाईट नव्हते हो. शिकवायचे तर फार छान. पण ज्याला कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञा पाठ नाहीत त्याने त्या खोलीत पाऊल टाकू नये, हे त्यांचं पक्कं मत. आणि आज्ञा तरी किती! पत्र पाठवायचं तर एक पद्धत, दूरच्या ग्रंथालयातली पुस्तकं शोधायची तर दुसरी, फाइल आणायची तर तिसरी, चर्चा वाचायच्या तर चौथी. वर बाहेर पडायची तऱ्हा प्रत्येकाची वेगळी.

आमच्या इतिहासाच्या सरांनी एकदा हिंमत केली. साहेबांची परवानगी काढून एका दूरच्या ग्रंथालयात शिरले, पुस्तक सापडलं, आणि बाहेर पडता येईना! हे दाब, ते दाब, काही नाही. तसंच सोडून गेलो तर काहीतरी बिघडेल या धास्तीने बिचारे जेवायची सुट्टी संपली तरी तिथेच बसून. शेवटी माझ्या टेबलाशी आले ते लालबुंद होऊन. "बाई, चोर सुटतो, मी सुटेना," म्हणाले.

घरी जाताना मी भावजींना हे सगळं तावातावाने सांगितलं. म्हटलं, तुम्ही लोक दारं बांधता की उंदराचे सापळे? भावजी थांबले. चक्क पूर्ण वाक्य बोलले. "वहिनी, सगळ्याला मिळून एकच दार करता येईल."

आणि ते त्याच्या मागे लागले. एकच पडदा. त्यावर साध्या शब्दांत पत्रं, चर्चा, ग्रंथालयं, फायली. बाणाच्या बटणाने वरखाली जायचं, हवं तिथे थांबायचं. आणि कुठेही असा, मागे यायचं बटण एकच.

आता यात मी कुठे आले? ग्रंथालयात दोन टर्मिनल होती, कायम कापडाखाली झाकलेली. भावजींनी एकाचं कापड काढलं, मला समोर बसवलं आणि स्वतः मागे स्टुलावर बसले. म्हणाले, "तुम्ही वापरा. अडलं की बोला."

"बोलू म्हणजे काय?"

"जसं बोलता तसंच."

मग काय विचारता! पडद्यावर आलं, चूक क्रमांक अमुक तमुक. मी म्हटलं, "अगं बाई, चूक कुणाची? माझी की याची? आणि तो क्रमांक घेऊन मी काय करू, डोक्यात माळू?" मागे स्टुलावर चिडीचूप. मदत नाही, समजावणं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याच जागी आलं, 'ते ग्रंथालय आत्ता उत्तर देत नाही. थोड्या वेळाने पाहा.' असं नीट सांगितलं तर कोण कशाला रागवेल? आणखी एकदा फाइल मागवली तर पडदा कोरा करकरीत. वाट पाहून पाहून मी त्या मेल्याच्या पाठीत एक धपाटा घातला. दुसऱ्या दिवशी त्या जागी 'आणतोय, थांबा' असं आलं आणि पुढे एकेक ठिपका वाढायला लागला. मी ठिपक्यांकडे बघत शांत बसले.

संध्याकाळी आमचे हे विचारायचे, "आज कितीदा भडकली?" भावजी बोटं वर करून दाखवायचे. आधी दोन्ही हात लागायचे, मग एक पुरायला लागला. एकही बोट वर करावं लागलं नाही, तेव्हा ते प्रोग्राम घेऊन साहेबांकडे गेले.

साहेबांनी पाहिला आणि म्हणाले, "खेळणं छान आहे." तरी आठवडाभर खोली सगळ्यांना उघडी ठेवायला कबूल झाले. अट एकच. कॉलेजातून बाहेर जाणाऱ्या लाइनी मोजक्या. रिकामटेकड्या गर्दीमुळे एखाद्या खऱ्या संशोधकाचं काम अडलं, की दाराला पुन्हा कुलूप, आणि भावजींची रवानगी तळघरात, निकालपत्रकं छापायला. ते काम त्यांनी पूर्वी काही वर्षं केलं होतं. तेव्हा त्यांचं हुं सुद्धा बंद पडलं होतं, ते मी पाहिलंय. त्यामुळे जीव त्यांचा टांगणीला आणि झोप माझी उडाली.

पहिले दोन दिवस काय सांगू! जत्रा लोटली. संगीताच्या बाईंना सतारीच्या तारांबद्दल कुणी परदेशी माणूस वाद घालायला मिळाला. कॉलेजचा माळी बागकामाच्या चर्चा वाचून घ्यायला रोज कुणालातरी धरून आणायचा. इतिहासाचे सर तर बाहेर पडता येतं ना, एवढंच पाहायला आत जायचे. बाहेर आले की माझ्याकडे बघून मान डोलवायचे.

तिसऱ्या दिवशी सगळं अडलं. ज्याला त्याला 'लाइन मोकळी नाही'. आणि खोलीत पाहावं तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या! भावजी डोकं धरून बसले. मग एकेक टर्मिनल तपासल्यावर उलगडा झाला. आमच्या कॉलेजात प्रत्येक भिंतीवर पाटी, 'जाताना बटण बंद करा'. दिवा, पंखा, सगळ्याला आम्ही ती पाळायचो. तशीच लोकांनी इथेही पाळली. काम झालं की पडद्याचं बटण बंद केलं आणि घरी गेले. पडदा अंधारला, पण आत लाइन धरलेलीच. अहो, मीही पहिल्या दिवसापासून तेच करत होते! मला चालू-बंद कळतं, आतलं मला काय माहीत?

साहेब म्हणाले, "पाहिलंत? लोकांना समज नाही."

भावजी म्हणाले, "लोकांनी बरोबर केलं, साहेब. माणूस उठून गेला हे प्रोग्रामला कळलं नाही."

"मग मोठी पाटी लावा, आधी बाहेर पडा, मग बटण बंद करा."

"पाटी लावावी लागली तर प्रोग्राम कच्चा."

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "आता पुन्हा एकदा जरी लाइन अडली, तरी कुलूप."

भावजी मागच्या खोलीत शिरले. मी हाक मारायची, उत्तर नाही. ताटं झाकून ठेवत होते. एकदा आले, झाकण उचललं आणि ते हातात धरून नुसते उभे. म्हटलं, "काय हो, भाजी बिघडलीय का?" मान हलवून नाही म्हणाले, झाकण परत ठेवलं आणि न जेवताच खोलीत गेले. माझं डोकं असं फिरलं! राबायचं कुणासाठी माणसाने? पण त्यांचा चेहरा आठवला आणि राग गिळला.

शेवटच्या दिवशी साहेब स्वतः ग्रंथालयात आले आणि एका टर्मिनलवर बसले. त्यांना त्यांच्या म्हाताऱ्या गुरुजींना पत्र लिहायचं होतं. गुरुजी आजारी होते, सेंटरमध्ये सगळ्यांना माहीत होतं. साहेब सावकाश, शब्द शोधत लिहीत होते. दुसऱ्या टर्मिनलवर भौतिकशास्त्राचे संशोधक लाइनची वाट पाहत धुसफुसत होते. सगळ्या लाइनी भरलेल्या. "आज माझं काम झालं नाही तर मी लेखी तक्रार करणार," असं ते मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाले. भावजी कपाटाशी उभे होते. तेवढ्यात शिपाई धावत आला, साहेबांना ऑफिसात फोन. साहेब ताडकन उठले, सवयीने हात पुढे गेला आणि पडद्याचं बटण बंद करून निघून गेले!

मी पाहिलं. भावजींनीही पाहिलं. मी उठून ते बटण चालू करायला निघाले तर म्हणाले, "वहिनी, हात लावू नका."

"अहो पण..."

"राहू द्या."

मी परत येऊन बसले आणि एका वाचकाला भलतंच पुस्तक दिलं. तो ते बदलून न्यायला परत आला. आणि एकदम भौतिकशास्त्रवाले ओरडले, "मिळाली!" माझ्या ग्रंथालयात कुणी ओरडलं आणि मी त्याला दटावलं नाही, असं त्या दिवशी झालं. जीव भांड्यात पडला नुसता.

साहेब परत आले. पडदा चालू केला. पत्र नाही! चेहरा पार उतरला त्यांचा, मग चढला. "माझं पत्र! एवढं लिहिलेलं... हेच मी सांगत होतो!" मी त्यांच्या मागून डोकावले. पडद्यावर लिहिलं होतं:

आहात का?

आहात का?

आणि खाली, 'दोनदा हाक मारली. लाइन मोकळी केली. तुमचं अर्धं पत्र झाकून ठेवलंय. आलात की कुठलंही बटण दाबा.'

साहेबांनी बटण दाबलं. पत्र होतं तिथून समोर आलं, 'तुमची तब्येत' या शब्दांवर. साहेबांनी ते पहिल्यापासून वाचून काढलं. मग हळूच म्हणाले, "बटण मीच बंद केलं, नाही का?"

"सगळेच करतात, साहेब," भावजी म्हणाले.

साहेबांनी घसा खाकरला. शेवटी प्रमुखच ते. "खोली उघडी राहू द्या. पण भाषा सुधारा. पत्र कुणी झाकून ठेवतं का? ते काय ताट आहे?"

भावजींनी आयुष्यात कधी वरच्या माणसाला सरळ नाही म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, "बाकी सांगाल ते बदलतो, साहेब. तो शब्द राहील."

मी काय करावं? सटकन वळले आणि जमा झालेली पुस्तकं लावायला घेतली. एकही धड जागी लागलं नाही.

पुढे तो प्रोग्राम कॉलेजात बरीच वर्षं चालला. मग नवी यंत्रं आली, चित्रं आली, आणि तो गेला. जाणारच. भावजींना त्याचं वाईट वाटलं नाही, ते तोवर दुसऱ्याच कशात तरी बुडाले होते.

पण त्या दिवशी संध्याकाळी आम्ही फाटकातून बाहेर पडलो आणि नेहमीच्या रस्त्याला लागलो, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. कोपऱ्यावरचं दुकान गेलं, पूल गेला, तरी मी गप्प. मी गप्प म्हणजे किती विचित्र वाटलं असेल! शेवटी भावजींनीच मान वळवली आणि घाबरत घाबरत विचारलं, "वहिनी, आहात का?"

"आहे हो," मी म्हटलं. "जाते कुठे!"