कोण कसा उतरतो

“थांब गं. आधी कोण कसा उतरतो ते बघू दे.”

दर रविवारी सकाळी मैदानाच्या पार्किंगमध्ये काका मला हेच म्हणायचे. माझ्या हातात टाइप केलेली यादी असायची. ते ती घ्यायचे, नीट घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि आपल्या जुन्या बदामी गाडीला टेकून उभे राहायचे. पेन कानावर. एकेक गाडी आत येऊन लागायची आणि काका दारांकडे बघत राहायचे.

मला याचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. त्या यादीत माझी शुक्रवारची संध्याकाळ जायची.

हे अमेरिकेतल्या पार्सिपनीतलं, २००२ च्या उन्हाळ्यातलं. टाउनशिपच्या सॉफ्टबॉल लीगमध्ये आमच्या मराठी मंडळींची एक टीम होती. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलच. चेंडू जरा मोठा आणि खेळणारे पोट सुटलेले. एप्रिल ते ऑगस्ट, दर रविवारी एक मॅच. काका टीमचे मॅनेजर. फार पूर्वी इंजिनिअर म्हणून आलेले, आता निवृत्त. स्वतः त्यांनी कधी बॅट धरली नव्हती. बेसबॉल ते गाडीतल्या रेडिओवर शिकले होते, कामावरून परतताना. मी स्कोअर लिहायचे. माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती, म्हणून मंडळातल्या ज्या ज्या कामाला यादी लागते ते काम आपोआप माझ्याकडे यायचं.

आमची सगळी टीम क्रिकेटवर वाढलेली. पहिल्या सीझनला आमची माणसं चेंडू मारला की बॅट हातात घेऊनच पळायची. समोरची टीम बिचकून बाजूला व्हायची. काका ओरडायचे, “अरे, बॅट टाका! ती कुणी पळवत नाही!” तरी पुण्याचा एखादा इंजिनिअर पहिल्या बेसवर बॅट टेकवायचाच.

बॅटिंग ऑर्डरचंही तसंच. चांगला खेळणारा वर, बाकीचे शेपटात, एवढंच सगळ्यांना माहीत. शेवटचा नंबर आला की माणूस दिवसभर तोंड पाडून बसायचा. काका म्हणायचे, “इथे शेपूट नसतं रे. नववा झाला की परत पहिला येतो. गोल आहे हे.” पण एक खरं होतं, पहिल्याला उभं राहायला जास्त वेळा मिळतं आणि थांबावं कमी लागतं. नवव्याला नुसतं बसून बघावं लागतं. त्यामुळे यादी करताना माझा हिशेब सरळ होता: ज्याचे फटके जास्त तो वर. काकांचा हिशेब गाडीच्या दारात होता.

कुणी दार आपटून उतरला की काका म्हणायचे, “घरी वाजलंय. याला पाचवा ठेव, तोवर निवेल.” कुणी तोंडात समोसा घेऊन उतरला की, “शेवटी. पचू दे.” एकाला नुकतं बाळ झालं होतं. तो उतरला आणि गाडीचं दार उघडंच टाकून चालू लागला. काकांनी जाऊन दार लावलं आणि त्याला सातवा केलं. “जरा डुलकी काढून घे,” म्हणाले. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती काही विचारत नाहीत, त्यामुळे आपण त्यांच्यासमोर फार सावध नसतो.

अविनाश, माझा नवरा, आमचा चौथा नंबर. चौथा म्हणजे सगळ्यात जोरात मारणारा. जूनमधल्या एका रविवारी आम्ही पोचलो. मी नेहमीप्रमाणे आधी उतरले. पाण्याच्या बाटल्या, स्कोअरशीट, बँडेजची डबी, यादी. मागे न बघता चालायची मला सवय होती. काकांना यादी दिली. ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते.

“अविनाशला आज पहिला लिही.”

“पहिला? काका, तो चौथा आहे.”

“गाडी बंद करून आत बसून राहिलाय तो. त्याला आज वाट बघायला लावायची नाही.”

मी म्हटलं, झोप झाली नसेल. आणि स्कोअरशीटच्या पहिल्या रकान्यात नाव लिहिलं.

मॅचनंतर आम्ही आयसेलिनला किराणा घ्यायला गेलो. दुकानासमोर गाडी लावल्यावर अविनाश म्हणाला, “शुक्रवारी मला काढलं. ऑगस्टअखेरपर्यंत नाव कागदावर ठेवतायत. तोवर दुसरीकडे नाही जमलं तर व्हिसा जाईल, परत जावं लागेल.”

मी “बरं” म्हणाले. मागच्या सीटवर मुलगी होती. ती म्हणाली, “Are we moving?” मी आत जाऊन तूरडाळ, पोहे, कोथिंबीर, सगळं यादीप्रमाणे घेतलं. मला रडू वगैरे आलं नाही. कोथिंबिरीची जुडी जरा पिवळी होती, ती बदलून घेतल्याचं आठवतं. काकांना हे माझ्याआधी दिसलं, हे घरी येऊन सामान लावताना लक्षात आलं.

त्या उन्हाळ्यात आम्हाला भेटणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, “काही जमलं का रे?” देवळात, वाढदिवसांना, लाँड्रीत. काकांनी एकदाही विचारलं नाही. ते फक्त दर रविवारी अविनाशला पहिला ठेवायचे.

आणि अविनाशचा चेंडू काही लागेना. पहिला जायचा, सोपा झेल द्यायचा, परत यायचा. माझ्या यादीत तो उतरत उतरत तळाला गेला. मी यादी काकांना देतच राहिले. हिशेब तो हिशेब. नवरा असला म्हणून मी आकडे बदलले नाहीत. काका ती खिशात ठेवत राहिले.

टीम कुरकुरायला लागली. नागपूरचा प्रफुल्ल तोंडाने फटकळ. मला ऐकू येईल असं म्हणायचा, “काय यार, अविनाशदादा तर नुसते उद्घाटन करून येऊन राहिले.”

काका ऐकायचे आणि सूर्यफुलाच्या बिया चघळत राहायचे. “सीझन लांब आहे,” म्हणायचे. हे त्यांचं दुसरं वाक्य. मी एकदा विचारलं, “लांब म्हणजे किती, काका? आम्हाला ऑगस्टपर्यंतच आहे.” ते म्हणाले, “रेडिओवरचे मॅनेजर बघ. त्यांची टीम जवळजवळ रोज खेळते. वसंतापासून पानं गळेपर्यंत. चांगल्यात चांगला खेळाडू मध्येच महिनाभर आंधळा होतो. त्याला रोज नवीन नंबर दिला तर तो चेंडू सोडून नंबरच बघत बसतो. त्याची जागा हलवायची नाही. बाकी कुणाच्या हातात काय आहे?”

“आणि हरलो तर?”

“तर हरलो. घरी जाऊन वरणभात खायचा.”

ऑगस्टमध्ये एक मॅच अशी आली की जिंकलो तर पुढच्या फेरीत. आमची टीम तिथवर कधी गेली नव्हती. प्रफुल्लने सगळ्यांसमोर विषय काढला. “काका, वाईट वाटून घेऊ नका. दादांना आज खाली घ्या न.”

जो तो आपली टोपी नीट करू लागला. म्हणजे सगळ्यांचं तेच म्हणणं होतं. अविनाश बुटाची नाडी बांधत होता. वर न बघता म्हणाला, “काका, खरंच. मला नववा टाका.”

“बॅटिंग ऑर्डर मागून मिळत नाही,” काका म्हणाले. “पहिला.” मग प्रफुल्लकडे वळले, “आणि तू आज गाडीतून उतरायच्या आधी तीनदा केस विंचरलेस. तू आठवा.”

सगळे हसले. प्रफुल्लही हसला. ती मॅच आम्ही हरलो. अविनाशने शेवटचा झेल दिला, कारण गोल फिरून पाळी नेमकी त्याच्यावरच आली. जो तो आपापली बॅग उचलून गाडीकडे निघाला. काका मात्र सगळे निघेपर्यंत थांबले आणि प्रत्येकाला तेच म्हणाले, “पुढच्या रविवारी नऊ वाजता.” पुढच्या रविवारची मॅच आता नावापुरती होती.

त्या आठवड्यात दुसऱ्या राज्यातल्या मॉरिसव्हिलहून फोन आला. नोकरी पक्की झाली होती, पण कागद हातात यायचे होते, म्हणून आम्ही कुणालाच सांगितलं नाही. मुलीलाही नाही.

रविवारी मैदानावर पोचलो. मी उतरले, बाटल्या, स्कोअरशीट, यादी. काका दारांकडे बघत होते. मग त्यांनी पेन कानावरून काढून माझ्याकडे दिलं.

“अविनाश नववा.”

प्रफुल्ल लगेच, “घ्या दादा! सीझन संपल्यावर!”

मी काकांकडे पाहिलं. ते बिया चघळत म्हणाले, “आज त्याला थांबता येईल.”

मी नवव्या रकान्यात नाव लिहिलं. अविनाश बाकावर शेवटी बसला, पाय लांब करून, बाकीच्या आठ जणांचा खेळ बघत. त्याला असं नुसतं बसलेलं मी त्या उन्हाळ्यात पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्याने मारलं की नाही ते मला आठवत नाही. स्कोअरशीट जपून ठेवली होती, ती मॉरिसव्हिलला सामान हलवताना कुठेतरी गेली.

काका गेल्याचा फोन २००७ मध्ये आला, प्रफुल्लचा. आम्ही गाडीनेच पार्सिपनीला गेलो. रस्त्यात मी सगळं ठरवून घेतलं: फुलं, काकूंसाठी जेवणाचे डबे, कोण कुठे राहणार. फ्युनरल होमच्या पार्किंगमध्ये टीमची माणसं होती, काहींचे केस पिकायला लागलेले. प्रफुल्ल माझ्याकडे आला. “वहिनी, घरच्यांचं झालं की आपली टीम फुलं वाहणार. लाइन तुम्हीच लावा न. तुमच्याकडे यादी असेलच.”

यादी होती. पर्समध्ये, वयाप्रमाणे केलेली.

मी मागे वळून पाहिलं. आमची गाडी बंद होती. अविनाश आत बसून होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

मी पर्स बंदच ठेवली. प्रफुल्लला म्हटलं, “थांब जरा.” अविनाश उतरेपर्यंत आम्ही तिथे उभे राहिलो. घाई कुणी केली नाही. तो आल्यावर मी त्याच्या हातात फुलं दिली.

“तू पहिला,” म्हटलं.