पान एकशे बाराची कडी

आमच्या चाळीत आलेला एकही छापील कागद बकुळाबाई कासारेंच्या तावडीतून सुटलेला नाही. कोणी लग्नाची पत्रिका घेऊन गेलं की बाई आधी पेन्सिल शोधणार आणि मग पाणी विचारणार. दुसऱ्या मजल्यावरच्या निलेशच्या पत्रिकेत नवरदेवाच्या जागी नवरीच्या वडिलांचं नाव पडलं होतं, ते हिनंच पकडलं. नाहीतर तीनशे माणसांच्या साक्षीनं सासऱ्याचं लग्न लागलं असतं, आणि जेवायच्या पहिल्या पंगतीला मी असतो.

वय चौसष्ट. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर, आणि शोधत असते तिसराच. पुस्तक छापायच्या आधी त्याची कच्ची छपाई येते, तिच्यातल्या चुका काढायचा तिचा धंदा. चाळीत तिला सगळे प्रुफवाली बाई म्हणतात. सतराव्या वर्षी गिरगावातल्या एका छापखान्यात ती खिळे सोडवायला लागली. म्हणजे छपाई झाली की जुळवलेलं पान मोडायचं आणि शिशाचं एकेक अक्षर आपापल्या खणात परत टाकायचं. संध्याकाळी घरी यायची ती काळी बोटं घेऊन. त्याच बोटांनी धाकट्या बहिणीची, सुभद्राची, वेणी घालायची, आणि रिबिनीला डाग पडले म्हणून सुभद्रा असं भोकाड पसरायची की समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत यायची. आई गेली तेव्हा बकुळा चौदाची, सुभद्रा पाचची. बाप बुधाजी गिरणीत, सूत कातायच्या रिंग खात्यात. तेव्हा ताई म्हणा, आई म्हणा, सुभद्राला हीच.

रविवारी दुपारी गॅलरीत तांदूळ निवडता निवडता बकुळा पोरांना दोन बहिणींची गोष्ट सांगायची. तुम्हीही कुठे ना कुठे ऐकली असेल. धाकटी रानात जाते, वाटेत गाईला चारा घालते, वडाला पाणी घालते, म्हातारीचे केस विंचरते. परत येते तेव्हा ती बोलली की तोंडातून फुलं पडतात. मोठी आळशी, तोंडाची फटकळ. तिच्या तोंडातून विंचू. मी शेजारच्याच खोलीच्या दारात पेपर उघडून बसायचो. तासभरात एक पान उलटत नसे. एकदा सुभद्रानं विचारलं, "ताई, दर वेळी मोठीच कशी गं वाईट?"

"धाकट्यांनी रचली असणार गोष्ट," बकुळा म्हणाली, "आणखी काय!"

तर मागच्या फेब्रुवारीत गिरगावचा तरुण प्रकाशक हर्षवर्धन प्रुफांचा गठ्ठा घेऊन आला. पायात दोन रंगांचे मोजे. ती फॅशन की घाई, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

"मावशी, किशोरांसाठी कादंबरी आहे. फॅंटसी. जुनी बहिणींची परीकथा, पण एकदम नव्यानं लिहिलीय. लेखिकेचं पहिलंच पुस्तक. पंधरा-सोळाच्या मुलांना सध्या हेच हवंय."

"त्यांना विचारलंस?"

"मार्केट सांगतं ना, मावशी."

"मग मार्केटलाच दे प्रुफं तपासायला."

पोरगा हसत हसत जिना उतरला. पाच मिनिटांनी आतून हाक आली, "दत्तारामभाऊ, जरा इकडे या." मी चपापलोच. त्या घरात मला कधी बोलवावं लागत नाही. मी असतोच.

तिनं पहिलं पान माझ्यापुढे धरलं. लेखिकेचं नाव होतं प्रिती मनोहर घाडी.

"ही तुमच्या मनूची प्रिती?"

"दुसरी कुठली? आपल्या सुभद्राचीच," मी म्हणालो. "लिहिते म्हणून कानावर होतं, पण इतकं लिहिते हे नव्हतं माहीत."

"तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणजे नवलच."

आता मला मागे जायला हवं. एक्याण्णव साली सुभद्रानं माझ्या चुलतभावाच्या मुलाशी, मनू घाडीशी, कोर्टात लग्न केलं. घरी पत्ता नव्हता. मला होता, कारण दोघांच्या चिठ्ठ्या इकडून तिकडे मीच पोचवत होतो, आणि तेव्हा मला त्यात फार मौज वाटत होती. बुधाजीला राग आला तो मुलीनं मन लावल्याचा नव्हता. आम्ही घाडी मंडळी याच मजल्यावर राहणारी, आणि आमच्या खिडकीत एक कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असे. बुधाजी आला की चहा त्यातून. वीस वर्षं आमच्याबरोबर एका गिरणीत एका पाळीला काम करून तो त्या कपातून चहा प्यायला, आणि एक दिवस यायचाच थांबला. त्या घरात पोर द्यायची नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं. आज ते लिहितानाही माझी मान वर होत नाही.

लग्न करून सुभद्रा भरदुपारी पाया पडायला आली. दार बंद. दारापुढे बुधाजी उभा. म्हणाला, "तुझ्या ताईला तुझं तोंड बघायचं नाही. तिनंच आतून कडी घातलीय." सुभद्रानं हाका मारल्या, रडली आणि गेली. त्यानंतर दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत. बुधाजी वारला तेव्हा सुभद्रा आली, बायकांत बसली, उठून गेली. ती राहते शीव कोळीवाड्याला. टॅक्सीनं अर्धा तास. या अर्ध्या तासाला तेहेतीस वर्षं लागत होती.

बकुळा कादंबरी वाचायला बसली. रोज वीस पानं, ओळीखाली पट्टी धरून. मी दारात बसून विचारायचो, "कुठवर आली?" आणि ती सांगायची. तिलाही सांगायचं असावं. रान नव्हतंच पुस्तकात. बंद पडलेली जादूची गिरणी होती. धाकटी कापशी भुकेल्या मागाला सूत भरवते, गंजलेल्या चाकाला तेल घालते, चिमणीत राहणाऱ्या म्हातारीचे काजळी धरलेले केस विंचरते. मग ती बोलली की तोंडातून कापूस उमलतो. मोठी बोरी बोलली की गंजलेल्या सुया पडतात.

"पोरगी लिहिते बरं का," बकुळा म्हणाली. "सुया कशा पडतात त्याचा आवाजसुद्धा लिहिलाय."

"ऐकला असेल आईकडून," मी म्हणालो. तिनं पट्टी उगारली.

सहाव्या दिवशी मी विचारलं, तर तिनं पट्टी बाजूला ठेवली. एकशे बारावं पान पुढे होतं. कापशी घरी परत येते तेव्हा बोरी आतून कडी घालते आणि म्हणते, मला तुझं तोंड बघायचं नाही. शब्द जसेच्या तसे. पोरीनं ते लहानपणापासून आईकडून इतक्यांदा ऐकलं असणार की लिहिताना वेगळा विचारही केला नसणार. म्हणून तर ती फसली. पान अडतीसवर तिनंच लिहिलं होतं, की गिरणीच्या वस्तीत एकाही दाराला आतून कडी नाही. राक्षस कामगारांना बाहेरून कोंडून ठेवतो.

"अडतीसला आतून कडी नाही," बकुळा म्हणाली, "आणि एकशे बाराला आहे."

"मग दाखव की चूक."

"कशी दाखवू? स्वतःची बाजू मांडल्यासारखं होईल."

"आणि नाही दाखवलीस तर?"

"तर सत्तेचाळीस वर्षांत जाणूनबुजून सोडलेली ही पहिली चूक. आणि गावभरची पोरं वाचतील, की दार मीच लावलं."

मी म्हणालो, "मी जाऊन सांगतो सुभद्राला. मी इथंच होतो. पाहिलंय मी."

"तेव्हा नाही सांगितलंत. आता मध्ये पडू नका."

बोलणं खरंच होतं. बुधाजीनं बाहेरची कडी चढवून ती आपल्या पाठीमागे झाकली होती, हे मी माझ्या दारातून पाहिलं होतं. अख्ख्या चाळीची गुपितं ज्याच्या पोटात तासभर टिकत नाहीत, त्या माणसानं हे एक गुपित सांभाळलं. दर गणपतीत मनूकडे जायचो, सुभद्राच्या हातचे मोदक खायचो आणि गप्प राहायचो. बुधाजी खोटं बोलला हे सांगायचं, तर तो का बोलला हेही सांगावं लागलं असतं, आणि मग तो कप आला असता.

तीन दिवस ते पान पाटाखाली दाबलेलं होतं. हर्षवर्धनचे फोन येत होते. "ताप आहे," ती सांगायची. चौथ्या दिवशी सकाळी तिनं पान काढलं. तिच्या धंद्याचा एक नियम आहे. लेखकाचं वाक्य बदलायचं नाही. शंका आली तर समासात प्रश्न लिहायचा; उत्तर लेखकानं द्यायचं. तिनं 'आतून कडी' या शब्दांभोवती गोल केला आणि समासात लिहिलं: 'पृ. ३८ पाहावे. दाराला आतून कडी नाही. मग दार कोणी लावले?' खाली सही नाही. प्रुफवाल्यांची सही नसतेच.

गठ्ठा गेला. पंधरा दिवस काही नाही. बकुळा दुसरी प्रुफं वाचत होती, स्वयंपाकाच्या पुस्तकाची, आणि मीठ किती ते तीनदा विचारत होती.

मग एका दुपारी जिन्यावर धापा ऐकू आल्या. सुभद्रा. केस पिकलेले, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत प्रुफं. माझ्याकडे बघितलंही नाही. बकुळाच्या दारात उभी राहून म्हणाली, "प्रुफं तपासणारी बाई इथंच राहते का?"

"राहते," आतून आवाज आला. "चप्पल बाहेर काढ."

मी माझी खुर्ची दीड हात सरकवली.

"प्रिती म्हणाली, आई, बाईंनी प्रश्न विचारलाय. बघते तर अक्षर तुझं." सुभद्रानं पान पुढे धरलं. "लेखिका म्हणते आईला विचारते. आई म्हणते ताईला विचारते. आता बोल. दार कोणी लावलं?"

"बाबांनी. बाहेरून."

सुभद्रा वळली. "काका, तुम्ही होतात ना तेव्हा?"

"होतो," मी म्हणालो. "पाहिलं होतं. आमच्या खिडकीतल्या कपामुळे बुधाजीपुढे तोंड उघडवलं नाही. आणि नंतर तुझ्यापुढेही नाही."

"मोदकांना बरं उघडायचं तोंड," ती म्हणाली. मग भिंतीला टेकून खाली बसली. बोलली तेव्हा आवाज लहान मुलीचा होता. "पण ताई, तू तर आत होतीस. मी किती हाका मारल्या."

"सात."

"मोजल्यास?"

"मोजल्या."

"मग एकीला तरी ओ द्यायचीस!"

"मला न सांगता गेलीस तू. या माणसाला माहीत होतं." तो मी. "मला नाही. मी तुझी वेणी घातली, तुझ्या फिया भरल्या, आणि मला शेजाऱ्याकडून कळतं. राग आला होता. म्हटलं, आठवी हाक मारली तर ओ देईन."

"खाली टॅक्सीवाला हॉर्न मारत होता गं."

"ऐकला मी तोही."

दोघी रडल्या असं लिहायला मला आवडलं असतं. पण सुभद्रानं पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "चहा टाकतेस की मी टाकू?" आणि बकुळानं तिला साखरेचा डबा कुठे आहे ते सांगितलं. मलाही चहा आला. कपाला कान होता.

चहा पिता पिता सुभद्रा म्हणाली, "मी प्रितीला सांगते, राक्षसानं दार लावलं असं कर. संपलं. बोरी सुटली."

"आणि बोरीनं ओ दिली नाही, तेही लिहायला सांग."

"कशाला? मग ती वाईटच राहील."

"राहू दे. अर्धंच दुरुस्त केलेलं पान मी सोडत नाही."

प्रितीनं तो भाग नव्यानं लिहिला. मध्ये एकदा स्वतः येऊन गेली. मावशीकडे बघत होती ती पुस्तकातलं माणूस पानातून उठून चहा गाळतंय अशी. मग दुसरी प्रुफं आली, आणि त्यांच्याबरोबर सुभद्राही. प्रुफं तपासायची जुनी रीत दोघांची आहे. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, विरामचिन्हांसकट. दुसऱ्यानं छापलेल्यावर नजर ठेवायची. बकुळाला वर्षानुवर्षं वाचून दाखवणारं कोणी नव्हतं. सुभद्रा गॅलरीत बसून वाचू लागली, शाळेत वाचतात तशी, हेल काढून. चाळीतल्या पोरी भोवती जमल्या. मी होतोच.

एकशे बारावं पान आलं.

"कापशी हाका मारत होती स्वल्पविराम आणि बोरी बंद दाराला पाठ लावून बसली होती पूर्णविराम." सुभद्रा थांबली. "पाठ लावून बसली होतीस?"

"वाच पुढे."

"ताई, खरं सांग."

"कान लावून," बकुळा म्हणाली. नजर पानावरच होती. "पाठ नाही. कान. पण ते लेखिकेचं वाक्य आहे. त्यात मी हात घालत नाही."

"मी घालते. मी तिची आई आहे." सुभद्रानं तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

ती पेन्सिल आजवर बकुळानं कोणाच्या हाती दिली नव्हती. एकदा मी कोडं सोडवायला मागितली तर मला खडू दिला होता. बकुळानं कपाळावरचा चष्मा खाली घेतला, पान बहिणीकडे सरकवलं आणि म्हणाली, "बारीक अक्षरात लिही. आणि समासाबाहेर जाऊ नकोस."