जोरात आलेली गोळी

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या ताईच्या यजमानांना, प्रयोगशाळेत सगळे 'तीन दशांश' म्हणतात. बंदुकीची गोळी पोलादी प्लेटमध्ये किती खोल घुसेल, हे ते दशांशचिन्हापुढे तीन आकड्यांपर्यंत सांगतात. कधी? गोळी झाडून झाल्यावर. आधी मी शेजारच्या हॉलमध्ये गोळी झाडायची, खड्डा मोजायचा. मग दाजी संगणकातल्या आपल्या गणिती मॉडेलपुढे बसून प्लेटच्या कठीणपणाचा आकडा असा पिळणार, की उत्तर खड्ड्याशी जुळलंच पाहिजे. जुळलं की खुर्चीत रेलून म्हणणार, "बघ, मॉडेल काय म्हणत होतं!" मॉडेल बिचारं काहीच म्हणत नव्हतं. दाजी त्याचा कान धरून वदवून घेत होते.

त्यांच्या गणितात गोळी वाकत नाही, चेपत नाही, तुटत नाही. गणित मांडणाऱ्यावर गेलीय. गोळीला चेपायची मुभा दिली की गणित अवघड होतं, आणि अवघड गणित दाजींना सोसत नाही. मी हे दोनतीनदा सुचवून पाहिलं. "तू आपला चाप ओढ," म्हणाले. घरी ताईसुद्धा त्यांचं बोलणं अर्ध्यात सोडून गॅस बघायला उठते, ते उगाच नाही.

तर या गणिताच्या जोरावर दाजींनी एका नव्या प्लेटवर पसंतीची सही ठोकली. अगदी जवळून झाडलेली सुसाट गोळी अडली, म्हणजे सगळ्या गोळ्या अडल्या! प्लेटी पोलिसांकडे गेल्या. त्यातली एक माझ्या भाचीच्या, म्हणजे दाजींच्याच लेकीच्या जाकिटात गेली. ती पहाऱ्याच्या तुकडीत आहे.

परवा ती ड्यूटीवर जाता जाता प्रयोगशाळेत आली. म्हणाली, "बाबा, तुम्ही जवळून झाडून बघितलीत. रस्त्यापलीकडून कोणी झाडली तर?"

दाजी हसले. "अगं, लांबून येईपर्यंत गोळी मंदावते. जोराची अडली, तिथे मंद काय दिवे लावणार?"

पोरगी हटेना. मी शिल्लक प्लेट लावली, गोळी लांबून आल्यासारखी मंद जावी म्हणून काडतुसात दारू कमी भरली आणि झाडली.

गोळी आरपार गेली.

पेन्सिल जोरात आपटली की टोक मोडतं, बेतानं दाबली की कागद फाडून जाते, तसंच झालं. सुसाट गोळीचं नाक आपटल्या आपटल्या चेपलं होतं. हिचं शाबूत राहिलं आणि सरळ घुसलं. दाजींनी प्लेटच्या भोकाकडे पाहिलं, मग संगणकाकडे धावले. पाच मिनिटांत आकडा पिळून मोकळे. "जुळलं! फक्त एक अट घालावी लागेल. प्लेट जवळच्या गोळीसाठीच."

"बरं," भाची म्हणाली. "झाडणाऱ्याला सांगते, जरा जवळ ये, बाबांचं गणित चुकतंय."

मी हसलो. दाजी हसले नाहीत. तिला दाराशी नेऊन हळूच म्हणाले, "तू नको घालूस ही. मी तुझ्यासाठी जुनी, जाड प्लेट मागवतो."

"आणि माझ्या शेजारी उभी असते तिनं?"

दाजी चष्मा पुसायला लागले. मला त्या क्षणी त्यांची शिसारी आली. माझ्या ताईचा नवरा नसता, तर तोंडावर बोललो असतो.

भाचीनं जाकीट अंगात चढवलं, तीच प्लेट छातीवर, आणि पट्टे करकचून ओढले. "सही मागे घ्या. तोवर आम्ही सगळ्या हीच घालतोय," म्हणाली आणि जिना उतरली.

तिचे बूट खालच्या मजल्यावर पोचायच्या आत दाजींनी फोन उचलला होता. "सगळ्या प्लेटी परत मागवा. सगळ्या. आत्ता." अख्ख्या तुकडीसाठी जे त्यांना सुचलं नव्हतं, ते एका लेकीसाठी एका जिन्याच्या अवधीत सुचलं.